एलएलबी झाली, सनद पण मिळाली, आता पगार कोण देणार?

२० मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की सिव्हिल जज ज्युनियर डिव्हिजनची, म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीच्या जजची, परीक्षा द्यायची असेल तर आधी किमान तीन वर्षं वकिली केलेली पाहिजे. तेव्हापासून ओळखीत ज्या ज्या घरात लॉ करणारं पोर आहे तिथे एकच विषय चालूय, की मग ही तीन वर्षं खायचं काय. मी मुंबईत फोर्टात वकिली करतो आणि डोंबिवलीला राहतो, त्यामुळे लोक मला ट्रेनमध्ये गाठतात, लग्नाच्या पंगतीत गाठतात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाणीपट्टीचा विषय बाजूला ठेवून विचारतात, वकीलसाहेब मुलीने बारावीनंतर लॉ घेतलंय, पुढे स्कोप आहे ना? आता "स्कोप आहे" म्हणणं पण खरं आणि "नाही" म्हणणं पण खरं, आणि उभ्या उभ्या दोन मिनिटांत हे सांगता येत नाही. म्हणून एकदा बसून लिहितोय. वकील मंडळींना यातलं बरंच माहीत असणार, हे त्यांच्यासाठी नाहीच, ज्यांच्या घरात आजवर कोणी काळा कोट घातला नाही त्यांच्यासाठी आहे.

आधी बेसिक: डिग्री वेगळी, सनद वेगळी, काम वेगळं

लॉ दोन प्रकारे करता येतं, बारावीनंतर पाच वर्षं किंवा ग्रॅज्युएशननंतर तीन वर्षं. डिग्री हातात आली की बार कौन्सिलमध्ये नाव नोंदवायचं, आपल्याकडे ती बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा, आणि त्या नोंदणीलाच सगळे सनद म्हणतात. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टमध्ये या नोंदणीची फी ७५० रुपये लिहिलेली आहे, एससी-एसटीसाठी १२५, पण वेगवेगळ्या राज्यांच्या बार कौन्सिल वर्षानुवर्षं हजारोंनी घेत होत्या, ओडिशात तर ४२,१०० रुपये. शेवटी ३० जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कायद्यात लिहिलंय त्यापेक्षा जास्त घ्यायचं नाही. चांगलं झालं, निदान दारातून आत यायचा खर्च तरी कमी झाला.

सनद मिळाली की अजून एक परीक्षा असते, ऑल इंडिया बार एक्झाम. शंभर ऑब्जेक्टिव्ह प्रश्न, कायद्याची कोरी पुस्तकं समोर ठेवून सोडवायची, ओपनला ४५ टक्के आणि एससी-एसटीला ४० टक्क्यांना पास. सनदेनंतर दोन वर्षांत ती काढावी लागते, तोपर्यंत कोर्टात उभं राहता येतं. शेवटच्या वर्षाच्या मुलांनाही बसू द्या असं सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितलं, त्यामुळे थोडा वेळ वाचतो. या परीक्षेत नंबर बिंबर येत नाही आणि तिच्या जोरावर कोणी नोकरीही देत नाही.

इथेच बहुतेक आईबापांचा गोंधळ होतो. इंजिनिअर झाला म्हणजे कुठेतरी लागणार, बीएड झाली म्हणजे शाळा बघणार, तसंच वकील झाला म्हणजे कोर्टात "लागणार" असं त्यांच्या डोक्यात असतं. कोर्टात कोणी लागत बिगत नाही. सनद म्हणजे रिक्षावाल्याचा बॅज आहे. बॅज आहे म्हणून रिक्षा चालवता येते, पोलीस अडवणार नाही, पण रिक्षा तुमची तुम्ही बघायची, पॅसेंजर तुमचा तुम्ही शोधायचा, आणि स्वतःची रिक्षा नसेल तर मालकाची शिफ्टवर चालवायची. आणि वकिलाला तर ओरडून पॅसेंजर बोलवायलाही बंदी आहे, बार कौन्सिलच्या नियमांत जाहिरात करणं, काम मागत फिरणं बसत नाही. मग नवीन पोराकडे अशील येणार कुठून? नातेवाइकांकडून, नाहीतर ज्याच्या हाताखाली काम करतो त्या सिनियर वकिलाकडून. तिसरा रस्ता सुरुवातीला जवळपास नाहीच.

पण देशात पाच कोटी केसेस पडल्यात, मग वकिलांना काम नाही हे कसं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो आणि रास्त आहे. पाच कोटींच्या वर केसेस खरंच पडून आहेत. पण काम नाही असं कोण म्हणतंय, काम ढीग आहे. प्रश्न असा आहे की त्या कामाचा पैसा कोणाच्या नावावर जमा होतो.

मुंबई हायकोर्टाची कुठलीही एक ऑर्डर वेबसाइटवरून उघडा. पार्ट्यांची नावं संपली की वकिलांच्या नावांची एक ओळ येते. त्यात पहिलं नाव सिनियर ॲडव्होकेटचं असतं. मग इंग्रजीत "ए बाय डब्ल्यू", म्हणजे यांच्यासोबत, आणि पुढे एक-दोन ज्युनियर काउन्सेल, काउन्सेल म्हणजे कोर्टात उभं राहून बाजू मांडणारा वकील. मग "आय बाय बी", म्हणजे यांनी नेमलेले, आणि त्यापुढे सॉलिसिटर फर्मचं किंवा केस फाइल करणाऱ्या वकिलाचं नाव. सगळा धंदा त्या एका ओळीत आहे. अशील येतो शेवटच्या नावाकडे, म्हणजे फर्मकडे. फर्म त्याच्याकडून फी घेते आणि त्यातून पहिल्या नावाला, म्हणजे काउन्सेलला देते. मधल्या नावांना त्यांच्या त्यांच्या वकुबाप्रमाणे मिळतं. मुंबईत हे दोन मजली काम पूर्वी ओरिजिनल साइडला, म्हणजे थेट हायकोर्टात दाखल होणाऱ्या दाव्यांत, सक्तीचं होतं, सक्ती कधीच गेली, पद्धत मात्र राहिलीय.

आणि ज्या पोराने आदल्या रात्री चारशे पानांवर नंबर टाकले, त्याचं नाव पुष्कळदा त्या ओळीत नसतंच.

तो काय करत असतो ते सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला वाटतं ज्युनियर म्हणजे सिनियरच्या मागे फाइल घेऊन उभा राहणारा. केस फाइल केली की रजिस्ट्री, म्हणजे कोर्टाचं ऑफिस, ती तपासते आणि ऑब्जेक्शन काढते. पान ८७ अस्पष्ट आहे, टाइप कॉपी लावा. सातबारा मराठीत आहे, इंग्रजी भाषांतर जोडा. वकीलपत्रावर वकिलांच्या वेल्फेअर फंडाचा स्टॅम्प नाही. इंडेक्समध्ये तारीख चुकलीय. ही ऑब्जेक्शनं वेळेत काढली नाहीत तर केस ऐकण्याआधीच उडू शकते. मग पोरगं डिपार्टमेंटच्या काउंटरवर उभं राहतं, दुरुस्त करतं, परत स्कॅन करतं, परत अपलोड करतं. अकरा वाजता सिनियर दुसऱ्या कोर्टात अडकलेला असतो, तेव्हा इकडे मॅटर, म्हणजे केस, पुकारलं की ज्युनियरने उठून "कीप बॅक", म्हणजे थोड्या वेळाने घ्या, असं मागायचं, जज चिडले तर ऐकून घ्यायचं. साडेचारनंतर चेंबरला, म्हणजे सिनियरच्या ऑफिसला, जाऊन उद्याच्या बोर्डाची, म्हणजे उद्या लागलेल्या केसेसची, तयारी. हे सगळं काम आहे, महत्त्वाचं काम आहे, यातलं एक चुकलं तर अशिलाचं घर जाऊ शकतं. पण अशील फी देतो ती ज्याचं तोंड जजसमोर उघडतं त्याला. ऑब्जेक्शनं काढल्याचं बिल कोणी फाडत नाही.

म्हणून केसेस वाढल्या की ज्युनियरचं काम वाढतं, पगार नाही वाढत.

सिनियर लाखांनी कमावतात ना? मग पोराला पंधरा हजार द्यायला काय होतं?

दोन्ही बाजू सांगतो. "सिनियर" म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर टीव्हीवर दिसणारे वकील येतात. तसे थोडे. बाकी बहुतेक जण एकटे प्रॅक्टिस करणारे, फोर्टात कुठल्यातरी जुन्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर तिघांत मिळून एक खोली, अशील तारखेला दोन हजार देतो, पुढच्या तारखेला "साहेब एकदम देतो" म्हणतो आणि निकाल लागला की फोन उचलत नाही. अशा माणसाला दर एक तारखेला ठरलेला पगार देणं खरंच जड जातं. शिवाय त्याला वाटतं दोन वर्षं शिकवायचं आणि मग पोरगं आपलेच अशील घेऊन शेजारच्या बिल्डिंगमध्ये बसणार, ते पण कधी कधी होतं.

हे सगळं मान्य केलं तरी माझं स्पष्ट मत आहे की परवडत नाही हे अर्धंच कारण आहे. अर्धं कारण म्हणजे फुकट काम करणारे मिळतात. ज्यांच्या बाबांचंच चेंबर आहे किंवा घरचं बरं आहे, त्यांना पहिली चार वर्षं एक रुपया नाही मिळाला तरी फरक पडत नाही, ते नाव आणि ओळख कमवायला आलेले असतात, आणि त्यांच्यामुळे बाकीच्यांचा भाव पडतो. वर "आम्हाला तरी कोणी दिले होते" हे आहेच. एका सुनावणीचे लाखो घेणारा माणूस जेव्हा "शिकायला मिळतंय ना" म्हणतो तेव्हा मला राग येतो, उगाच सभ्य शब्द शोधत नाही.

यावर काही झालंच नाही असं नाही. मद्रास हायकोर्टाने २०२४ मध्ये ज्युनियरना १५ ते २० हजार किमान मिळालेच पाहिजेत अशी भूमिका घेतली. मग ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने सर्क्युलर काढलं, शहरात महिना किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार स्टायपेंड द्यावा. "द्यावा", "दिलाच पाहिजे" नाही. शिफारस आहे, न देणाऱ्याला काही होत नाही. मुंबईत नवीन पोरांकडून जे आकडे कानावर येतात ते आठ हजार, दहा हजार, कुठे पंधरा, कुठे नुसतं गाडीभाडं आणि दुपारचं जेवण. सर्क्युलर दाखवून पगार मागितलेलं पोर अजून माझ्या बघण्यात नाही.

म्हणजे खरा प्रश्न भाड्याचा आहे

आता मूळ मुद्दा. "लॉ केल्यावर नोकरी मिळते का" हा प्रश्नच थोडा चुकीचा आहे. विचारायचं असं, की पहिली तीन-चार वर्षं हे पोर कोणाच्या पैशावर जगणार? कारण वकिलीत चवथ्या-पाचव्या वर्षानंतर टिकलेल्या माणसाचं बरं चालतं, माझ्या बॅचमधले जे टिकले त्यांतलं उपाशी कोणी नाही. गळती होते ती पहिल्या तीन वर्षांत, आणि ती हुशारी बघून होत नाही.

ज्याचं घर भांडुपला, बोरिवलीला, ठाण्याला, गेला बाजार बदलापूरला आहे, त्याला दहा हजारात भागवता येतं. पास काढायचा, डबा घरून न्यायचा, झोपायला घर आहे. लातूरहून किंवा चंद्रपूरहून आलेल्या पोराला मात्र चौघांत मिळून खोली घेतली तरी भाडं, मेस, फोन, कोट धुवायचे पैसे यात दहा हजार महिन्याच्या मध्यावरच संपतात. मुलींचं अजून अवघड, चेंबर रात्री नऊला सुटतं, त्यामुळे स्वस्त पण लांबची खोली चालत नाही, जवळची परवडत नाही. दोघंही तितकेच हुशार असले तरी तिसऱ्या वर्षी कोर्टात कोण दिसेल ते मी आज सांगू शकतो.

आणि म्हणूनच त्या तीन वर्षांच्या निकालाने एवढी खळबळ झाली. थोडा इतिहास बघा. १९९३ मध्ये सुप्रीम कोर्टानेच तीन वर्षं वकिलीची अट घातली. २००२ मध्ये जजांच्या पगार-नोकरीचा विचार करणाऱ्या शेट्टी कमिशनच्या शिफारशीनंतर ती काढली, हेतू हा की हुशार पोरं सरळ न्यायखात्यात यावीत. महाराष्ट्रात तेव्हापासून फ्रेश ग्रॅज्युएटला, ५५ टक्के असतील आणि सगळ्या परीक्षा पहिल्या फटक्यात पास असेल तर, एमपीएससीची जजची परीक्षा देता यायची. २०२५ मध्ये अट परत आली. मूळ वेतन किती असतं जजचं? सुरुवातीलाच ७७,८४० रुपये, वर भत्ते, क्वार्टर. ज्या घरात पोराला तीन वर्षं पोसायची ताकद नाही त्या घरासाठी ज्युनियरशिपचा खड्डा टाळून पलीकडे जायचा हा एकच पूल होता.

कोर्टाचं म्हणणं चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. कधी कोर्टात उभंच न राहिलेला चोवीस वर्षांचा जज समोर बसला की काय होतं ते आम्ही पाहिलंय, जामिनाच्या अर्जावर सही करायलाही हात थरथरतो, आणि बहुतेक हायकोर्टांनीही तसंच कळवलं होतं. फक्त त्या तीन वर्षांचा खर्च कोणी उचलायचा हे कुठेच ठरलेलं नाही, तो आपोआप आईबापांवर येऊन पडलाय.

काही तपशील लोकांना माहीत नसतात. तीन वर्षं मोजायची ती बार एक्झाम पास झाल्यापासून नाही, प्रोव्हिजनल सनद, म्हणजे बार एक्झामच्या आधी मिळते ती, मिळाल्यापासून. जजकडे लॉ क्लार्क म्हणून काम केलेलंही धरतात, आणि सुप्रीम कोर्टात लॉ क्लार्कला महिना ८० हजार मिळालेत, तेव्हा तिकडे नक्की बघा, स्पर्धा खूप आहे हे गृहीत धरून. अनुभवाचा दाखला लागतो, तो दहा वर्षं जुन्या वकिलाने द्यायचा आणि त्या कोर्टाच्या प्रमुख न्यायाधीशाने किंवा नेमलेल्या अधिकाऱ्याने त्यावर शेरा मारायचा. म्हणून पहिल्या दिवसापासून वकीलपत्रावर आपलं पण नाव घाला, ऑर्डरमध्ये, रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, नाव येईल असं बघा. सिनियरला सांगायला लाज वाटते, पण सांगा, यात त्याचा एक पैसा जात नाही.

मग ते पंधरा-वीस लाखांचं पॅकेज कोणाला मिळतं?

मिळतं, थापा नाहीत. लोअर परळ, नरिमन पॉइंट, वरळी इथल्या मोठ्या लॉ फर्म पहिल्याच वर्षी पंधरा लाखांच्या वर देतात. पण तो धंदाच वेगळा आहे. तिथे कंपन्यांचे करार, कंपनी विकत घेण्याआधी तिचे कागद तपासणं, शेअरबाजारात उतरायची कागदपत्रं असं काम, यातले कित्येक जण वर्षभर कोर्टाची पायरी चढत नाहीत. आणि ही भरती मुख्यतः नॅशनल लॉ युनिव्हर्सिट्यांमधून होते, ज्यांना क्लॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, मुंबईची एमएनएलयू, म्हणजे महाराष्ट्र नॅशनल लॉ युनिव्हर्सिटी, २०१४ पासून त्यातलीच एक. बाकी शेकडो कॉलेजांतून थोडीच पोरं तिथे पोचतात, त्यातली बरीच इंटर्नशिप करता करता चिकटलेली. चर्चगेटचं जीएलसी, म्हणजे गव्हर्नमेंट लॉ कॉलेज, १८५५ चं आहे, नाव मोठं आहे, तिथून पण जातात, पण तिथल्या पोरांना माहीत असतं की शेवटची दोन वर्षं वर्गापेक्षा फर्ममधली इंटर्नशिप जास्त कामाची.

एक गोष्ट मात्र विचारून घ्या. बऱ्याच फर्ममध्ये तुम्ही नोकर नसता, रिटेनर असता. म्हणजे पगार नाही तर प्रोफेशनल फी, दहा टक्के टीडीएस कापून. पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, आणि होम लोनला बँकेत गेलात की सॅलरी स्लिप मागतात ती नसते.

कॉलेजची जाहिरात "शंभर टक्के प्लेसमेंट" म्हणते तेव्हा काय समजायचं? अमेरिकेत अमेरिकन बार असोसिएशनच्या नियमाने प्रत्येक मान्यताप्राप्त लॉ स्कूलला पास झाल्यावर दहा महिन्यांनी किती पोरं नक्की कुठल्या कामाला लागली हे जाहीर करावंच लागतं. २००८ च्या मंदीनंतर तिकडेही असाच आक्रोश झाला, पोरांनी आकडे फुगवले म्हणून कॉलेजांवर केसेस टाकल्या, बहुतेक हरले, पण २०१० नंतर ॲडमिशन जोरात घसरल्या आणि आकडे देण्याचे नियम कडक झाले. आपल्याकडे अशी सक्ती सगळ्या कॉलेजांना नाही. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या रँकिंगमध्ये भाग घेणाऱ्यांना मात्र किती प्लेस झाले आणि मीडियन पगार किती, म्हणजे रांगेत मधोमध उभ्या असलेल्या पोराला किती, हे द्यावं लागतं आणि ते कॉलेजच्या साइटवर असतं. तो आकडा बघा, सगळ्यात मोठ्या पॅकेजचा बघू नका. ऑगस्ट २०२५ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने नवीन लॉ कॉलेजांना परवानगी तीन वर्षांसाठी बंद केली, यावरून काय ते समजा.

कोर्टच नको असेल तर?

तर बरंच काही आहे, आणि अनेकांसाठी तेच शहाणपणाचं. कंपन्यांची लीगल डिपार्टमेंट, बँका, इन्शुरन्स, बिल्डर. सरकारी बँकांत लॉ ऑफिसर आयबीपीएस या बँकभरतीच्या परीक्षेतून घेतात, त्याला वकील म्हणून नोंदणी लागते. पण नियम लक्षात ठेवा, फुल टाइम पगारी नोकरी धरली की वकिली करता येत नाही, बार कौन्सिलला कळवून सनद स्थगित ठेवावी लागते, नोकरी सोडली की परत चालू करता येते. ज्यांना पुढे जज व्हायचंय त्यांनी हे नीट विचार करून ठरवा, सनद स्थगित असेपर्यंतची वर्षं वकिलीत धरत नाहीत.

फौजदारी कामाची आवड असेल तर लीगल एड डिफेन्स काउन्सेल ही २०२२ पासूनची योजना बघा. गरीब आरोपींची केस चालवायला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण ठरावीक मानधनावर वकील नेमतं, आणि असिस्टंट पदासाठी नवीन वकील चालतात. पैसे बेताचे, पण दर महिन्याला येतात आणि उलटतपासणी स्वतः घ्यायला मिळते, जी मोठ्या चेंबरमध्ये सात वर्षं मिळत नाही.

घरात कोणी वकील नाही, हायकोर्टातच जाऊ का?

सगळ्यांना हायकोर्ट पाहिजे असतं, त्या दगडी बिल्डिंगचा रुबाबच तसा आहे. माझा सल्ला उलटा आहे. अंधेरी, कुर्ला, बोरिवलीची मॅजिस्ट्रेट कोर्टं, धोबी तलावचं भाडं-जागेच्या दाव्यांचं स्मॉल कॉजेस कोर्ट, वांद्र्याचं फॅमिली कोर्ट, इथे पहिल्या सहा महिन्यांत तोंड उघडायला मिळतं. चेक बाउन्सच्या केसेसनी कोर्टं भरलीत, दिसायला क्षुल्लक पण त्यात साक्ष, उलटतपास, युक्तिवाद सगळं येतं. शिवाय ही मुंबई आहे, इथे भांडण म्हणजे जागेचं भांडण. सोसायटीची निवडणूक, रिडेव्हलपमेंटचा करार, बिल्डरने ताबा दिला नाही म्हणून महारेरा, कन्व्हेयन्स म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करून घेणं, पागडी. जो पोरगा दोन सोसायट्यांचे कागद नीट वाचून कमिटीला मराठीत समजावून सांगू शकतो त्याला तिसरी सोसायटी आपोआप मिळते, आणि बाहेर कुठेही जाहिरात करावी लागत नाही.

मराठी माध्यमातल्या पोरांना इंग्रजीची भीती वाटते. हायकोर्टात इंग्रजी लागतंच, त्यावर मेहनत घ्या, पर्याय नाही. पण एफआयआर, पंचनामा, सातबारा, फेरफार, जुनी हस्तलिखित खरेदीखतं वाचून त्यात खोट कुठे आहे हे सांगू शकणारं पोर चेंबरमध्ये एखादंच असतं, आणि इंग्लिश मीडियमवाले बाकीचे त्याच्याच टेबलाशी येऊन उभे राहतात.

आणि एआय?

येतंय ना, आलंय. जजमेंट शोधणं, नोट काढणं, नोटिशीचा पहिला ड्राफ्ट, हे काम जे ज्युनियर दोन दिवस करायचा ते आता तासात होतं आणि सिनियरला ते कळलंय. याचा फटका मोठ्या फर्मच्या खालच्या फळीला जास्त बसेल असं मला वाटतं, तिथे कागद तपासायलाच माणसं लागायची. पण जे निकाल कधी लागलेच नाहीत ते पण मशीन छातीठोकपणे लिहून देतं. बेंगळुरूच्या इन्कम टॅक्स ट्रिब्युनलला तर आपली एक ऑर्डर मागे घ्यावी लागली, कारण तिच्यात दिलेले निकाल अस्तित्वातच नव्हते. म्हणजे मूळ निकाल उघडून शेवटपर्यंत वाचणारं माणूस लागणारच. आणि रजिस्ट्रीच्या काउंटरवर उभं राहून ऑब्जेक्शन काढणारं एआय अजून कोणी बनवलेलं नाही.

त्यापेक्षा गावी परत गेलं तर?

हा प्रश्न दोन वर्षांपूर्वी विचारला असता तर मी "हायकोर्ट शिकून घे, मग जा" म्हणालो असतो. पण १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे मुंबईबाहेर बसणारं खंडपीठ, सुरू झालंय, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची मॅटर तिकडे जातात. या सहा जिल्ह्यांतली पोरं मुंबईत खोली करून राहायची ती याच कामासाठी. आता तेच काम, तीच रिट, तीच अपिलं घराजवळ आहेत, मुंबईचे काही वकील स्वतः तिकडे फेऱ्या मारतायत आणि त्यांना तिथे फाइलिंग बघणारी, मॅटरला उभी राहणारी विश्वासाची माणसं हवीयत. ज्याचं घर कागलला किंवा मिरजेला आहे त्याने आज मुंबईत चौघांत खोली शेअर करून दहा हजारावर दिवस काढण्यात मला काही अर्थ दिसत नाही. नागपूर आणि संभाजीनगरला तर बेंच कधीपासूनच आहे. मुंबईतच थांबायचं असेल तर एनसीएलटी म्हणजे कंपन्यांचं ट्रिब्युनल, शेअरबाजारावर देखरेख करणारी सेबी, ट्रेडमार्क असलं काही शिकायला थांबा जे बाहेर कमी आहे, आणि चेंबर जॉइन करताना पहिल्याच भेटीत विचारा, साहेब महिन्याला किती देणार आणि कितव्या महिन्यापासून मला मॅटरला उभं करणार. दोन्हीला "बघू" उत्तर आलं तर पुढच्या बिल्डिंगमध्ये जाऊन विचारा, फोर्टात चेंबर खूप आहेत.